घावण्यांची बातमी

पालीत येऊन ‘श्रीपती भुवड कुठे राहतात’ असं विचारलंत तर चार माणसं डोकं खाजवतील. ‘घड्याळवाले वार्ताहर’ म्हणा, लगेच तुमचा हात धरून स्टँडसमोरच्या टपरीपर्यंत आणून सोडतील. टपरी एवढीशी. अर्ध्या भागात गावाची बंद पडलेली घड्याळं आणि उरलेल्या अर्ध्यात रत्नागिरीहून येणाऱ्या पेपराचे गठ्ठे. मधे स्टुलावर डोळ्याला भिंग लावून बसलेला जो किडकिडीत माणूस दिसेल, तो माझा नवरा.

माणूस वाईट नाही हो. फारच चांगला आहे, आणि तोच तर ताप आहे. सत्तावीस वर्षं त्या पेपराला बातम्या देतायत. त्याचं काय मिळतं ते मला विचारू नका, माझं डोकं फिरतं. बरं, सरळ मिळत नाही तर नाही, आडवाटेने येणारं तरी घ्यावं माणसाने! एका एप्रिलमध्ये कोणा ठेकेदाराने घरी हापूसची पेटी पाठवलीन. वास असा की शेजारीण तीनदा साखर मागायला आली. ह्यांनी पेटीला हात न लावता ती तश्शी एसटीत चढवून परत पाठवली. ठेकेदाराने पुन्हा पाठवलीन. ह्यांनी पुन्हा परत. तिसऱ्या फेरीला कंडक्टरच वैतागला. बोलला, ‘‘वार्ताहर, आंबे आता गाडीतच पिकलेत, मी काय ह्यांना पास काढून देऊ?’’ शेवटी पेटी शाळेत गेली आणि ह्यांनी ठेकेदाराला पोस्टकार्ड टाकलं, ‘आंबे मुलांनी खाल्ले, आभार. तुमच्या रस्त्याच्या मोरीच्या कामाची बातमी सोमवारी येईल.’ आली पण. ठेकेदार अजून रस्त्यात भेटला तर तोंड फिरवतो.

आणि परक्याचंच असं करतात म्हणाल, तर तेही नाही. आमच्या बचत गटाच्या हळदीकुंकवाला आम्ही थर्माकोलच्या ताटल्या पऱ्याच्या वाहत्या पाण्यात टाकल्या. चूकच झाली. गटाची अध्यक्ष मी. रात्रीचं जेवण वाढत्ये तर हे वही उघडून विचारतात, ‘‘अध्यक्ष म्हणून तुमचं काय म्हणणं आहे?’’ तुमचं! पंचवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला! मी म्हटलं, माझं म्हणणं असं आहे की आमटी निवतेय. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ‘अध्यक्षा सौ. हेमा भुवड यांनी प्रतिक्रिया देण्याचे टाळले.’ आठ दिवस मी बाजारात मान खाली घालून फिरले.

आता एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हे बातमी हाताने कागदावर लिहितात आणि मोबाइलवर टाइप मी करते. ज्या बोटांनी हे बायकांच्या घड्याळातला केसाएवढा स्क्रू उचलतात, त्याच बोटांनी मोबाइलवर ‘जिल्हा परिषद’ लिहायला घेतलं की जिल्ह्यातच अडकून पडतात. म्हणून हे खातं माझ्याकडे. तर ह्या खात्यात मी गेल्या जानेवारीत जो घोळ घातला, तो आज सांगून टाकते. मनात ठेवून ठेवून कंटाळा आला.

कोंडतळे हे माझं माहेर, पालीपासून आठ किलोमीटर आत, चढणीचं. तिथे नळपाणी योजना झाली. वर टेपावर, म्हणजे टेकाडावर, पांढरी टाकी, घरोघर नळ. उद्घाटनाला रत्नागिरीहून पाहुणे आले. नळाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, नळ सोडला आणि पाणी काय धो धो! बायकांनी कळशा भरताना फोटो काढून घेतले. माझी आई तर फोटोत पुढेच. दुसऱ्या दिवशी दुपारी नळ सूं सूं करून गप्प झाला तो झालाच.

त्यानंतर तीन दिवसांनी ह्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. बातमी अशी की उद्घाटनाच्या दिवशी उजाडायच्या आत टँकरच्या चार फेऱ्या करून टाकी भरली होती, कारण विहिरीवरच्या पंपाला अजून वीजच नव्हती. ह्यांना कोणी तरी सांगितलं होतं, पण सांगितलं म्हणून लिहिलं असं हे करत नाहीत. स्वतः विहिरीवर जाऊन आले. वायरचं टोक दुधाच्या पिशवीत गुंडाळून खांबाला बांधून ठेवलेलं, त्याचा फोटो काढला. टँकरवाल्याला गाठलं. सरपंचांना फोन करून त्यांचंही म्हणणं घेतलं, ‘मीटर येतोच आहे’. सगळं रीतसर. बातमीचं शेवटचं वाक्य होतं, ‘नंतर सरपंचांच्या घरी संबंधितांचे चहापाणी झाले.’

मी म्हटलं, ‘‘चहापाणी काय? पाहुणे आल्यासारखं! काय होतं खायला?’’

हे चष्मा पुसत होते. सहज बोलून गेले, ‘‘घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.’’ आणि लगेच जीभ चावली. ‘‘ते लिहू नको हां, हेमा. चहापाणीच ठेव.’’

हो म्हटलं मी. पण हे टपरीवर गेले, मी टाइप करायला बसले आणि माझा हात काही राहीना. चहापाणी! किती मिळमिळीत! टँकरचं पाणी लोकांच्या गळी उतरवायचं आणि आपण घावणे हाणायचे, हे वाचणाऱ्याला कळायला नको? मी लिहून टाकलं, ‘गरमागरम घावणे आणि काळ्या वाटाण्याचे सांबार असा बेत झाला.’ वाचून माझंच मला कौतुक वाटलं. पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर ठळक मथळा, ‘पाणी टँकरचे, घावणे सरपंचांचे’. अख्खी पाली हसत होती. टपरीवरचे पेपर नऊच्या आत संपले. हे मात्र पेपर हातात घेऊन बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसले. मग माझ्याकडे बघितलं. मी पटकन भाजी निवडायला घेतली.

‘‘पाठवण्याआधी मी एकदा वाचायला हवी होती,’’ एवढंच बोलले. ‘‘माझं चुकलं.’’

चिडले असते तर बरं झालं असतं हो. मी उलटं बोलले असते आणि विषय मिटला असता.

त्या ओळीने काय केलं ते दोन दिवसांनी कळलं. माझा भाऊ नितेश, कोंडतळ्याच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला. आठ वर्षं मुंबईत कुरिअरच्या पिशव्या वाहून पोरगा दोन वर्षांपूर्वी गावी परत आला, कारण आईचे गुडघे गेले आणि बघायला कोणी नाही. टाकीची किल्ली त्याच्याकडे. त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

‘‘ताई, गेलं सगळं. त्या घावण्यांनी घात केला.’’

झालं होतं असं. टँकरच्या फेऱ्या एखाद्याने लांबून बघितल्या असतील, असं सरपंच आधी म्हणत होते. पण घावणे? ते घरात बसलेल्या माणसालाच माहीत! आणि त्या सकाळी सरपंचांच्या पडवीत बसून घावणे खाल्ले ते चौघांनी. सरपंच काशीरामदादा, त्यांचे चुलतभाऊ उपसरपंच हरिश्चंद्र, टँकरवाला आणि नितेश. काशीरामदादा स्वतः सांगणार नाहीत. हरिश्चंद्र त्यांच्या शब्दाबाहेर नाही. टँकरवाला स्वतःच्या पोटावर पाय कशाला आणेल? उरला कोण? वार्ताहराचा मेव्हणा! रविवारी देवळात गावकीची बैठक बोलावली होती. नितेशने फोडलंन असं ठरलं की टाकीची किल्ली काढून घ्यायची. म्हणजे पोरगा पुन्हा मुंबईला आणि आई एकटी.

‘‘तू सांगितलंस का रे?’’ मी विचारलं.

‘‘आईशपथ नाय! भावोजींशी माझं महिन्यात बोलणं नाय. ताई, भावोजींना सांग, रविवारी येऊन नुसतं एवढं बोला की नितेशने सांगितलं नाय. खरंच तर हाय ते!’’

मी तडक टपरीवर गेले. हे एका बाईच्या घड्याळाचा पट्टा बसवत होते. मी ती जायची पण वाट बघितली नाही.

‘‘नितेशने सांगितलंन का तुम्हाला?’’

‘‘कोणी सांगितलं ते मी कोणाला सांगत नाही, हेमा. तुला माहीत आहे.’’

‘‘मला नाव नको. नितेश नाही, एवढंच बोला. दोन शब्द!’’

ह्यांनी भिंग काढून ठेवलं. ‘‘आज ‘नितेश नाही’ म्हटलं की उद्या हरिश्चंद्र येऊन विचारेल, मग मी नाही ना? त्यालाही नाही म्हणावं लागेल. परवा टँकरवाला. नाही नाही म्हणत गेलो की शेवटी एकच माणूस उरेल, आणि त्याचं नाव मीच सांगितल्यासारखं होईल. मी शब्द दिलाय.’’

‘‘आणि माझ्या भावाची भाकरी गेली तर?’’

ह्यांनी घड्याळाचा पट्टा पुन्हा हातात घेतला. चेहरा एवढासा झाला होता. पण माझा राग कुठला थांबायला! मी म्हटलं, बायकोच्या भावापेक्षा कोण तो मेला सांगणारा मोठा लागून गेला? आणि आतून मला हेही कळत होतं की चहापाणी तसंच ठेवलं असतं तर ह्यातलं काही झालंच नसतं. म्हणून तर राग दुप्पट. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशी मी.

मी बोलणं सोडलं आणि पिठी सुरू केली. कुळथाची पिठी ह्यांना जन्मात आवडत नाही. सकाळी पिठी-भात, संध्याकाळी पिठी-भात. पाच दिवस. हे मुकाट जेवायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘‘आज छान झालीय.’’ सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मधेच आईचा फोन. ‘‘गो हेमा, जावईबापू काल सरपंचाकडे आलेले.’’

‘‘कशाला?’’

‘‘भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला म्हणे. पडवीत बसले होते तासभर. त्यांच्या घरच्या गोदाकाकीकडे पाणी मागितलं, चहा घेतला.’’

एक दिवस गेला, पुन्हा फोन. ‘‘आज परत आलेले. घड्याळ परत बंद पडलं म्हणे.’’ आणि शनिवारी तिसऱ्यांदा. आता मात्र गावात चर्चा, की जावई सरपंचाचे पाय धरायला येतोय, मिटवून टाकतोय, मेव्हण्याचा बळी देऊन आपण सुटतोय. आई फोनवर रडली. मी त्या संध्याकाळी पिठीत मीठ घातलं नाही.

‘‘सरपंचाशी साटंलोटं चाललंय?’’ मी पाच दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

‘‘घड्याळ बिघडलंय त्यांचं,’’ हे बोलले आणि अळणी पिठी सगळी संपवली.

रविवारी आम्ही कोंडतळ्याला गेलो. वाघजाईच्या देवळाचा मंडप भरला होता. एका अंगाला पुरुष, खांबांच्या पलीकडे बायका. मी आईजवळ बसले. माझ्या पुढ्यात गोदाकाकी, काशीरामदादांची आई. पंच्याहत्तरीची, हातभर उंचीची बाई, तोंडात पानाचा तोबरा. नितेश मधे उभा, अंगातला शर्ट घामाने भिजलेला.

काशीरामदादा तसे उमदे. त्यांचं चुकलं काय, तर पाहुण्यांची तारीख ठरली, मीटर आला नाही आणि हे घाबरले. ते उठून बोलले, ‘‘मला कोणाचं वाईट करायचं नाय. श्रीपतराव आमचे जावई. त्यांनी नारळ हातात घ्यावा आणि वाघजाईसमोर सांगावं, नितेशने बातमी दिली की नाय. नाय म्हणाले तर विषय संपला. उद्यापासून किल्ली त्याच्याचकडे.’’

सगळा मंडप ‘बरोबर, बरोबर’ म्हणाला. मला तर इतकं हायसं वाटलं! दोनच शब्द. देवीसमोर खोटंही बोलायचं नाही. मी खांबाआडून ह्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते, बोला, एकदाचं बोला.

हे उठले. नारळ घेतला. आता आमच्याकडे रीत अशी की नारळ हातात आला की आधी देवीला गाऱ्हाणं घालायचं, आणि ते घालायचं गुरवाने. पण विठू गुरवाने नेमकी आदल्या दिवशी दाढ काढून घेतली होतीन. गाल हा असा सुजलेला. तो नुसताच ‘हूं हूं’ करायला लागला.

‘‘राहू दे, विठूदादा,’’ हे बोलले. ‘‘माझं गाऱ्हाणं मीच घालतो.’’

जावयाला तो मान असतो की नसतो ह्यावर म्हाताऱ्यांची थोडी कुजबुज झाली. तेवढ्यात ह्यांनी डोळे मिटले आणि सुरू पण केलं.

‘‘बाय गे वाघजाई, बारा वाड्यांची मालकीण तू...’’

‘‘व्हय महाराजा!’’ सगळा मंडप. सवयच ती. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडे झोपेतला माणूसही व्हय महाराजा म्हणतो.

‘‘ह्या गावातल्या एका माणसाने मला खरी गोष्ट सांगितली. त्या माणसाला उदंड आयुष्य दे गे महाराजा!’’

‘‘व्हय महाराजा!’’ म्हणून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं, आपण काय म्हटलं ते. काशीरामदादाही म्हणून बसले होते. बायकांत खुसखुस सुरू झाली.

‘‘त्या माणसाला मी शब्द दिलाय, नाव सांगणार नाही म्हणून. तो शब्द माझ्या हातून मोडू देऊ नको गे महाराजा!’’

‘‘व्हय महाराजा!’’ आता आवाज जरा कमी.

‘‘आणि बाय, त्या एका ओळीपायी दुसऱ्याच माणसावर आळ आलाय. ती ओळ माझ्या बातमीत आली, चूक माझी. मी तीनदा दारात येऊन गेलो, पण बोलायला फुरसत मिळाली नाही. माझं तोंड तर बांधलेलं आहे. सोडवायचं तर तूच सोडव, नाही सोडवलंस तरी माझी तक्रार नाही गे महाराजा!’’

‘‘व्हय महाराजा,’’ म्हणायला फक्त दहापंधरा जण उरले. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. देवीच्या दारात तीनदा कधी आला हा? आणि मी? मी डोकं धरून बसले होते. एवढं लांबण लावलं आणि ‘नितेश नाही’ काही तोंडातून काढलं नाही! ह्यांनी नारळ देवीपुढे ठेवला आणि मागे सरले. काशीरामदादांचा चेहरा लाल झाला. ‘‘म्हणजे सांगणार नाय तर. ठीक हाय. नितेश, किल्ली दे.’’

नितेशने खिशात हात घातला. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी बोटं उमटली होती.

तेव्हा माझ्या पुढ्यातली गोदाकाकी उठली. सावकाश, खांबाला धरून. बाहेर जाऊन पान थुंकून आली, पदर खोचलान आणि सरळ पुरुषांच्या बाजूला जाऊन लेकासमोर उभी राहिली.

‘‘काशीराम, घावणे कितीजणांनी खाल्ले?’’

‘‘चौघांनी. का?’’

‘‘आणि घातले कोणी?’’

काशीरामदादांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

‘‘चार माणसं, चार माणसं मोजताय आठ दिवस. तीस घावणे चुलीवर कोण घालत होती? पडवीत काय बोलता ते चुलीशी ऐकू येतं रे. मी आत होते ती काय पाटा-वरवंटा म्हणून? मी सांगितलंय श्रीपतला. ठेव त्या पोराची किल्ली त्याच्या खिशात.’’



‘‘आये, तू?’’ काशीरामदादा म्हणाले.

‘‘तुला आदल्या दिवशी बोलले, खोट्या पाण्यावर खरा नारळ फोडू नको. ऐकलंस? मग म्हटलं, माझं नाय ऐकत, छापलेलं तरी वाचशील. नाव सांगू नको म्हणून मीच त्याला शपथ घातली. मला रोज तुझ्याच घरात दोन घास खायचेत, म्हणून भ्याले. पोराचं तोंड बघून आज राहवलं नाय.’’ आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, ‘‘आता काय ते बोल मला.’’

ती भ्याली होती हो. सगळ्यांचे डोळे काशीरामदादांवर. मग एकाएकी त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले.

‘‘आणि मी काय बोललो होतो गाऱ्हाण्यात? उदंड आयुष्य दे, व्हय महाराजा!’’ असं म्हणून त्यांनी आईला वाकून नमस्कार केलान. सगळा मंडप खो खो हसला. विठू गुरव तर गाल धरून हसत होता, हसताना दुखत होतं आणि दुखताना पुन्हा हसत होता. नितेश मात्र रडत होता. माझी आईपण. मी कुठली मागे राहते!

परत येताना एसटीत मी ह्यांच्या शेजारी बसले होते. मला लाज कसली वाटत होती सांगू? मी बाई. उभा जन्म चुलीशी गेला. घावणे हा शब्द मी स्वतः हौसेने लिहिला, आणि आठ दिवसांत ते घालणारी कोणी तरी असेल हे माझ्याही मनात आलं नाही. मीसुद्धा खाणारे चारच मोजत बसले होते.

‘‘तुम्ही तिच्याशी बोलायला जात होता तीनदा,’’ मी म्हटलं.

‘‘हो. म्हटलं, तिला सांगावं नितेशवर आलंय, पुढचं तिने ठरवावं. पण ती एकटी सापडेल तर शपथ! कधी सून, कधी नातवंडं, कधी खुद्द काशीराम.’’

‘‘आणि त्यांचं घड्याळ बरं वेळेवर बिघडायचं?’’

हे खिडकीबाहेर बघायला लागले. ‘‘पहिल्या खेपेला नुसता सेल संपला होता. नंतर... मीच निघताना सेल उलटा घालून यायचो.’’

मी इतकी हसले की कंडक्टरने वळून बघितलंन. सत्तावीस वर्षं पेटीतला आंबा न खाणारा माणूस, आणि सरपंचाच्या घड्याळात उलटा सेल! ‘‘उद्या जाऊन सांगतो त्यांना,’’ हे ओशाळून बोलले. आणि खरंच, सोमवारी जाऊन कबूल करून आले.

‘‘ती ओळ मी घातली होती,’’ मी म्हटलं. ‘‘गावासमोर चूक माझी म्हणालात. माझं नाव का नाही घेतलंत?’’

‘‘बातमी माझ्या नावाची. मी वाचायला हवी होती,’’ हे म्हणाले. ‘‘आज पिठी नको मात्र.’’

त्या दिवशी मी वड्या तळल्या, सांबारं केलं आणि ह्यांच्या पानात वाढलं.

मीटर मार्चमध्ये आला. काशीरामदादांनी या वेळी पाहुण्यांना बोलावलंच नाही. गोदाकाकीच्या हाताने नारळ फोडून घेतलान. नळाचं पाणी पहिल्या दिवशी आलं, दुसऱ्या दिवशी आलं, तिसऱ्या दिवशीही आलं, तेव्हा कुठे ह्यांनी बातमी लिहिली. संध्याकाळी माझ्यापुढे कागद ठेवला. मी टाइप करत शेवटच्या वाक्यापर्यंत आले. ‘नंतर ग्रामस्थांचे...’ आणि पुढे जागा कोरी.

मी धडा शिकले होते. मी मुकाट ‘चहापाणी झाले’ असं लिहिलं.

‘‘चहापाणी नको,’’ हे भिंग पुसत म्हणाले. ‘‘घावणे लिही. आणि घालणारीचं नाव लिही. पूर्ण नाव, श्रीमती गोदा हरी रांबाडे. मी काल जाऊन विचारून आलोय तिला.’’

‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, पंच्याहत्तर वर्षांत माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलेलं बघितलं नाय. लिही म्हणाली.’’

मी लिहिलं. पाठवायच्या आधी मोबाइल ह्यांच्या हातात दिला, आणि ह्यांनी ती ओळ दोनदा वाचली.